घरी शिकलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक

विक्रोळी पूर्वेकडील कन्नमवारनगर व टागोरनगर आणि पश्चिमेकडील पार्कसाइट या वसाहतींत शाळांची वानवा नाही. तथापि, शाळेत न जाता घरीच अभ्यास करणारी मुले येथेही आहेत. कोणी आजारपणामुळे, कोणी अपंगत्वामुळे, कोणी खेळाच्या सरावापायी, तर कोणी आईवडिलांच्या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयामुळे घरी राहतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी सातवी-आठवीतून घरी बसलेल्या मुलींना आपण ‘घरी शिकणाऱ्या’ म्हणत नाही. परंतु पुढे परीक्षेस बसावयाचे झाल्यास त्यांची वाटही तीच असते. या मुलांनी मिळविलेल्या ज्ञानाचे पदवीच्या श्रेयांकांत रूपांतर कसे होते, याविषयी पालकांत व पुष्कळदा शिक्षकांतही गैरसमज आढळतात.

प्रथम कायद्याची बाजू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १० अन्वये सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरते. मात्र त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत देण्यात आला. कारण कोणतेही असो, मूल घरी काय व किती शिकले याची नोंद घेणारी यंत्रणा पहिल्यांदा भेटते ती दहावीच्या परीक्षेच्या वेळी.

त्या परीक्षेस बसण्याचे दोन मार्ग अधिक परिचयाचे आहेत. पहिला राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’. खाजगी विद्यार्थी म्हणून हा अर्ज भरणाऱ्यास शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा लागतो. तो हरवला असल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नोंदणी पावसाळ्यातच सुरू होते, आणि घरोघरी नेमका याचाच विसर पडतो. दिवाळीनंतर चौकशीस आलेल्या मुलाचे वर्ष वाया जाण्याचा संभव असतो. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. केंद्रीय मंडळाचा एक प्रकल्प म्हणून १९७९ साली सुरू झालेले हे काम १९८९ साली स्वतंत्र संस्थेकडे आले. येथे माध्यमिक परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते व त्या मुदतीत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. सर्व विषय एकाच वेळी सोडविण्याचे बंधन नाही. मान्यताप्राप्त मंडळात पूर्वी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण नियमानुसार येथे वर्गही होतात. एकेक विषय पुरा करीत जाण्याची ही सोय आजारी मुलास व घरकाम सांभाळणाऱ्या मुलीस फार उपयोगी आहे. दहावी व बारावी यांत मात्र दोन वर्षांचे अंतर आवश्यक असते.

ही प्रमाणपत्रे हवीत कशाला, असा प्रश्न हुशार मुलांचे पालक विचारतात. २०१६ साली मुंबईतील एका घरी शिकलेल्या विद्यार्थिनीस आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेने प्रवेश दिला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीची दारे मात्र तिला बंद होती. पहिल्या गोष्टीचा गाजावाजा झाला. सामान्य कुटुंबाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट दुसरी आहे.

आता श्रेयांक. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार (२०२३) सुमारे तीस तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक धरला जातो. राज्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक लागतात. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयं’ या केंद्र शासनाच्या मंचावर कोणासही घरबसल्या अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतो व शुल्क भरून त्याची परीक्षा देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार एखाद्या सत्रातील अभ्यासक्रमांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत भाग अशा रीतीने पुरा करू देण्याची मुभा विद्यापीठांना आहे. त्याच वर्षी ‘श्रेयांक बँक’ अस्तित्वात आली. मिळालेले श्रेयांक तेथे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात व साधारणतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

गैरसमज होतो तो येथेच. बँक म्हटल्यावर आपण जाऊन भरणा करावा अशी कल्पना होते. परंतु ही बँक विद्यार्थ्याकडून कोणतेही प्रमाणपत्र थेट स्वीकारीत नाही; श्रेयांक जमा करते ती नोंदणीकृत शिक्षणसंस्था. शिवाय पदवीच्या श्रेयांकांपैकी निदान निम्मे, पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. अमेरिकेत १९६७ पासून ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा घेतल्या जातात. घरी शिकलेला विद्यार्थी दीड तासाची अशी परीक्षा महाविद्यालयात जाण्यापूर्वीच देतो आणि प्रवेश घेतल्यावर तिचे श्रेयांक मागतो. अर्थात ते किती मानावयाचे हे तेथेही महाविद्यालयच ठरविते. आपल्याकडे क्रम उलट आहे. आधी बारावी, मग प्रवेश, आणि त्या संस्थेच्या संमतीनंतर बाहेरच्या परीक्षेचे श्रेयांक. प्रवेशापूर्वी हौसेने दिलेल्या ‘स्वयं’च्या परीक्षेने ज्ञान निश्चित वाढते, तिचे श्रेयांक पदवीत धरले जातीलच असे मानून पैसे भरू नयेत.

विक्रोळीच्या विद्यार्थ्यास बारावीनंतरही घरीच शिकावयाचे असेल तर मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र कालिन्यास आहे. १९७१ साली टपालाद्वारे शिक्षण देण्यासाठी त्याचा आरंभ झाला. विक्रोळीहून तिसरे स्टेशन कुर्ला, व तेथून बस. दुसरा पर्याय १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. दोन्हीकडे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे : बाहेरचे कोणते अभ्यासक्रम चालतात, किती श्रेयांक धरले जातात, आणि पूर्वसंमतीचा अर्ज कोणाकडे करावयाचा. उत्तर तोंडी न घेता लेखी घेणे बरे.

मुख्याध्यापकांसाठी आणखी एक गोष्ट. श्रेयांक बँकेचे खाते आधारच्या नोंदीवरून उघडते, तर दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव शाळेच्या दाखल्यावरून येते. दोहोंत वडिलांचे नाव किंवा जन्मतारीख वेगळी असल्यास अडचण उभी राहते ती पाच-सहा वर्षांनी, श्रेयांक जमा होण्याच्या वेळी. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील नोंद बदलणे अतिशय कठीण असते. म्हणून मूल शाळेतून काढून नेण्यास पालक आले की दाखल्यावर सही करण्यापूर्वी रजिस्टर, जन्मदाखला व आधार ही तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. खेड्यात हे काम ग्रामपंचायत सदस्यासही पालकांबरोबर शाळेत जाऊन करून घेता येईल.