मूलद्रव्यांची नावे आणि संज्ञा : प्राणवायूचे उदाहरण

मूलद्रव्याला नाव देणारा शास्त्रज्ञ पुष्कळदा त्या नावात आपला सिद्धांतही गोवून ठेवतो. पुढे सिद्धांत कोसळतो. नाव मात्र टिकते. ऑक्सिजन हे याचे ठळक उदाहरण होय. आम्लता या वायूमुळेच उत्पन्न होते, अशी लाव्हाझ्येची समजूत होती. म्हणून ‘आंबट’ व ‘उत्पन्न करणारा’ या अर्थांच्या ग्रीक घटकांपासून त्याने हे नाव घडविले. १७८७ साली गितों द मोर्वो, बेर्तोले व फुर्क्र्वा यांच्यासह सिद्ध केलेल्या रासायनिक परिभाषेत त्याला स्थान मिळाले. पुढे १८१० साली क्लोरिन हे मूलद्रव्यच असून त्यापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो, असे हम्फ्री डेव्हीने प्रतिपादिले. नाव देताना मात्र तो सावध राहिला. क्लोरिन हा शब्द त्याने केवळ त्या वायूच्या हिरवट रंगावरून योजला. सिद्धांत बदलला म्हणून रंग बदलत नाही!

जर्मन भाषेने ऑक्सिजनचा उच्चार न घेता अर्थ घेतला व ‘साउअरश्टोफ’, म्हणजे आंबट द्रव्य, असा शब्द केला. रशियन ‘किस्लोरोद’ही त्याच जातीचा. अर्थाबरोबर लाव्हाझ्येची चूकही भाषांतरित झाली. इंग्रजी वाचकाला ती ग्रीकच्या पडद्याआड दिसत नाही. जर्मन वाचकाला रोज दिसते, आणि तरीही त्याचा घोटाळा होत नाही.

मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द या चुकीपासून मुक्त आहे. योग व आयुर्वेद यांतील पंचप्राणांपैकी एकाचे हे जुने नाव रसायनाने उचलले. परंतु तेही निर्दोष नव्हे. त्यावरून साधलेल्या ‘कर्ब-एक-प्राणिल’ या शब्दात प्राण आहे, आणि तो वायू तर प्राणघातक! तेथे ‘प्राण’चा अर्थ ‘ते विशिष्ट मूलद्रव्य’ एवढाच उरतो.

संज्ञेत हा अर्थलोप पूर्णत्वास जातो. बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये लॅटिन नावांची आद्याक्षरे संज्ञा म्हणून योजिली. त्यामुळे ‘साउअरश्टोफ’पुढे जर्मन ग्रंथातही ‘ओ’च येतो. उलट सोडियमची ‘एनए’ ही संज्ञा, ‘नाट्रिउम’ म्हणणाऱ्या जर्मनाला सुबोध व इंग्रजाला अनाकलनीय वाटते. संज्ञेकडून अपेक्षा एकच, ती म्हणजे वेगळेपणाची. कोपर्निसियमसाठी प्रथम सुचविलेली ‘सीपी’ ही संज्ञा पूर्वी कॅसिओपियम, म्हणजे आजचे ल्युटेशियम, या मूलद्रव्यासाठी वापरात होती. म्हणून २०१० साली ‘सीएन’ मुक्रर झाली.