टोपणनावाच्या आड

आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखितात एकीनं मैत्रिणीच्या कवितासंग्रहाला ‘ठीक आहे’ म्हटलं, अन् दोघींचं बोलणंच बंद! तेव्हा मला अमेरिकेतली कॅथलीन हेल आठवली. २०१४ साली तिची पहिली कादंबरी आली. इंटरनेटवर टोपणनावानं पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या एका बाईनं ती झोडपली. झालं! हेलबाईंनी तिचा पिच्छाच पुरवला. नाव खोटं आहे म्हणून पैसे मोजून माहिती काढली, गाडी भाड्यानं घेतली आणि थेट तिच्या दारात! वर हे सगळं ऑक्टोबरमध्ये ‘द गार्डियन’मध्ये स्वतःच लिहिलं. काहींना ते धाडस वाटलं. पण टोपणनावानं लिहिणाऱ्या कितीतरी जणी धास्तावल्या. काहींनी तर निषेध म्हणून काही दिवस नव्या पुस्तकांवर लिहिणंच थांबवलं.

टोपणनाव म्हणजे लबाडी का हो? सासरी कळू नये म्हणून नाव लपवणाऱ्या बायका मी रोज बघते. गंमत म्हणजे आपल्याकडे २०१३ मध्ये आलेलं पाठलागाचं कलम फक्त पुरुषाला लागतं, नव्या न्याय संहितेतही तसंच. बाईनं बाईचा पाठलाग केला तर ते लागत नाही.

परवा ती ‘ठीक आहे’वाली हळूच म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी नाव न घालता लिहू का?”

मी हो म्हटलं.