आजीचं गोंदण हिरवं, आईच्या भुवया निळ्या: व्रणावरचा जुना आयब्रो टॅटू ‘सॉफ्ट शेडिंग’ने खरंच झाकता येतो का?

इन्स्टाग्रामवर ‘ब्रो करेक्शन’ शोधून बघा. पहिल्या फोटोत निळसर-करड्या, मार्करने ओढल्यासारख्या जाड भुवया. अंगठा सरकवला की त्याच जागी मऊ, तपकिरी, पावडर लावल्यासारखी भुवई. खाली लोकेशन असतं अंधेरीचं लोखंडवाला, बोरिवली वेस्ट, घाटकोपर नाहीतर मुलुंड. आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न, “प्राइस प्लीज?”

त्या दोन फोटोंच्या मधे किती महिने गेले, हे मात्र कुणी विचारत नाही.

समजा, मुलुंडला राहणाऱ्या एक पन्नाशीतल्या बाई आहेत. लहानपणी चाळीच्या जिन्यावरून पडल्या आणि डाव्या भुवईला टाके पडले. तेवढ्या जागेत पुन्हा केस उगवलेच नाहीत. ती फट भरून निघावी म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी ओळखीच्या पार्लरमध्ये ‘परमनंट आयब्रो’ करून घेतल्या. तेव्हा त्या काळ्याभोर दिसायच्या. आज उजवी भुवई राखाडी-निळी झालीय, डावी टाक्यांच्या जागी तुटक आणि कडेने पसरलेली. आता मुलीचं लग्न ठरलंय आणि मुलगी म्हणतेय, “आई, सॉफ्ट शेडिंग करून टाकू. दोन तासांचं काम आहे.”

सुई चालवायला दोन तास पुरतात, हे खरं. पण या बाईंच्या भुवईत तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. जुना रंग, जुना आकार आणि जुना व्रण. रीलमध्ये यातला फक्त आकार दिसतो.

काळा रंग निळा का झाला?

याचं उत्तर आपल्याकडे कित्येक घरांत असतं. आजी-पणजीच्या कपाळावरचं किंवा हातावरचं गोंदण आठवा. ते गोंदलेलं असायचं काजळीने, म्हणजे चक्क काळ्या रंगाने. तरी आपण त्याला हिरवं गोंदण म्हणतो, कारण ते दिसतंच हिरवट-निळं.

रंग बदललेला नसतो, मधे त्वचा आलेली असते. गोंदताना रंग त्वचेच्या आतल्या थरात, डर्मिसमध्ये जातो. वरचा थर, एपिडर्मिस, सतत झडत आणि नव्याने तयार होत राहतो. तिथे रंग ठेवला तर तो काही आठवड्यांत निघून जाईल. त्यामुळे आपण टॅटू कायम त्वचेच्या पडद्याआडून बघत असतो. प्रकाशातला तांबडा भाग खोल जातो आणि काळा रंग तो शोषून घेतो. निळा भाग मात्र वरच्यावरच विखुरतो आणि परत डोळ्यांत येतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसण्यामागेही प्रकाशाचा असाच खेळ असतो. काळा कार्बन रंग जितका खोल गेला असेल, तितकी भुवई निळी.

सगळ्याच भुवया निळ्या होत नाहीत. परमनंट मेकअपमध्ये आयर्न ऑक्साइडचे रंगही खूप वापरले जातात. यात तांबडा, पिवळा आणि काळा मिसळून तपकिरी रंग बनवतात. हे तिन्ही एकाच वेगाने फिके होत नाहीत. बहुतेकदा तांबडा मागे उरतो आणि भुवई विटकरी दिसायला लागते.

आणि हा रंग इतकी वर्षं टिकतो कसा? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक गंमत दिसली. त्वचेतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी रंगाचे कण गिळून बसतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. पेशी बदलत राहतात, टॅटू तिथेच राहतो. म्हणजे जुनी भुवई ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. फिकी होईल, रंग बदलेल, पण पूर्ण जाईलच असं नाही.

व्रणावर सुई वेगळी वागते

जखम भरताना शरीर घाईत असतं. नेहमीच्या त्वचेत कोलेजनचे धागे जाळीसारखे एकमेकांत विणलेले असतात. व्रणात ते बरेचसे एकाच दिशेने, दाटीवाटीने पडतात. त्या जागी केसांची मुळं नसतात, लवचिकता कमी असते. काही व्रण खोलगट आणि पातळ, काही कडक आणि उंच. एकाच व्रणात एका टोकाला रंग अजिबात धरत नाही आणि दुसऱ्या टोकाला पसरून डाग पडतो, असंही होतं.

यात आणखी एक प्रकार असतो. व्रण अपघाताचा नसतोच, तो आधीच्या टॅटूनेच दिलेला असतो. मायक्रोब्लेडिंगमध्ये सुयांची छोटी पाती असते आणि तिने केसासारख्या बारीक रेषा कापल्या जातात. हात जड पडला, किंवा दर वर्षी टच-अपच्या नावाखाली त्याच रेषांवर पुन्हा पुन्हा पाती फिरली, तर तिथली त्वचा जाड आणि चकचकीत होते. अशा भुवईवर तिरपा उजेड टाकला की उंचवटे दिसतात. बोटाने हलकेच चाचपलं तरी कळतं. जुनी भुवई घेऊन गेल्यावर समोरच्याने बोट न लावता थेट रंगाचा चार्ट पुढे केला, तर खुर्चीतून उठावं.

सॉफ्ट शेडिंगने काय साधतं

यात पाती नसते. मशीनच्या बारीक सुईने रंगाचे ठिपके, मधे जागा सोडत, त्वचेच्या वरवरच्या भागात टाकले जातात. भुवईची सुरुवात फिकी, शेपटीकडे गडद, आणि कडेला ठळक रेघ नाही. पावडर ब्रो, ओंब्रे ब्रो ही याच घराण्यातली नावं.

व्रणावर हे पातीपेक्षा बरं का? एक तर आधीच कापल्या गेलेल्या जागी नवा काप बसत नाही. दुसरं कारण साधं आहे. बारीक रेषेतला थोडासा रंग उडाला की रेषा तुटलेली दिसते. ठिपक्यांच्या सावलीत चार ठिपके कमी राहिले तर नजरेला ते टोचत नाही. शिवाय रंग थोडा थोडा चढवता येतो. पहिल्या बैठकीत हात राखून काम करायचं, सहा ते आठ आठवडे थांबायचं, व्रणाने किती रंग धरला ते बघायचं आणि मग पुढचा थर. चांगला कारागीर व्रणाच्या एका कोपऱ्यात आधी चार-सहा ठिपक्यांची चाचणी घेतो आणि घरी पाठवतो.

रंग सुधारण्याचं तत्त्व घरातल्या धुण्यासारखं आहे. पिवळट पडलेल्या पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतात, कारण पिवळा आणि निळा एकमेकांना मारतात. तसंच निळसर भुवईवर आधी नारिंगीकडे झुकणारा रंग, विटकरी भुवईवर ऑलिव्ह हिरवट छटा. यात मोजमाप चुकलं तर दोन वर्षांनी निळा ओसरतो आणि नारिंगी वर येतो.

एक गोष्ट मात्र शेडिंगला जमत नाही. ते गडद रंगाला फिका करू शकत नाही. टॅटूत वरचा थर खालच्याला लपवत नाही, दोन्ही मिसळून दिसतात. त्यामुळे जुना रंग बऱ्यापैकी विरलेला असेल आणि जुना आकार नव्या आकाराच्या आत बसत असेल, तर शेडिंगचा उपयोग होतो. शेपटी खाली गालाकडे उतरलेली असेल, किंवा रंग अजून गच्च असेल, तर झाकायला भुवई आणखी जाड करावी लागते. असं दोनदा केलं की कपाळावर भुवयांऐवजी पट्टे उरतात.

खरी फसगत ‘स्किन कलर’मध्ये

बाहेर आलेली शेपटी लपवायची सोपी युक्ती म्हणून काही ठिकाणी त्यावर त्वचेच्या रंगाची शाई टाकून देतात. कन्सीलरसारखी, फक्त कायमची. पहिले काही आठवडे ती छान दिसते. पण अशा फिक्या रंगांत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. उन्हाने सावळी होणारी त्वचा पुढे जाते, तो पॅच तसाच पांढुरका राहतो.

आणि पुढे लेझर करायची वेळ आली की याची खरी किंमत कळते. लेझरने टायटॅनियम डायऑक्साइड आणि तांबडं आयर्न ऑक्साइड यांत रासायनिक बदल होतो आणि ते क्षणात काळपट पडू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ याला विरोधाभासी काळवंडणं म्हणतात. जो डाग लपवला होता, तोच काळा होऊन समोर येतो. तो पुढच्या लेझरने पुष्कळदा कमी होतो, पण बैठका वाढतात, खर्च वाढतो आणि व्रणावर पुन्हा मारा होतो. म्हणूनच एखाद्या जाणत्या डॉक्टरने पहिल्या दिवशी फक्त टिकलीएवढ्या जागेवर लेझर मारून परत पाठवलं, तर तो वेळकाढूपणा समजू नये.

लेझरचं गणित एरवीही भारतीय त्वचेला जरा जपून मांडावं लागतं. साधारणपणे १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरतात, कारण तो त्वचेच्या स्वतःच्या मेलॅनिनला तुलनेने कमी धक्का लावतो. तरी सावळ्या त्वचेवर नंतर काळे किंवा पांढरे डाग पडू शकतात. दोन बैठकांत सहा-आठ आठवडे जातात. डोळ्यांना संरक्षक आवरण लागतंच, भुवई डोळ्यापासून केवढी लांब आहे! उरलेले केस काही काळ पांढरे दिसू शकतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं आहे, पार्लरच्या मागच्या खोलीतलं नाही. मिठाच्या पाण्याने रंग ओढून काढण्याचीही एक पद्धत आहे, पण तिच्यात खपली धरते आणि आधीच व्रण असलेल्या जागी नवा व्रण होण्याचा धोका असतो.

सुईच्या आधी ओपीडी

काही भुवया सरळ डॉक्टरकडेच जायला हव्यात. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती का, हा प्रश्न त्यात पहिला. आली असेल तर केलॉइडची शक्यता धरून चालावं लागतं. व्रण वर्षभराच्या आतला असेल तर थांबावं, तो अजून आकार घेत असतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर आधी ते सांगावं.

जुन्या टॅटूत अचानक गाठी उठल्या, खाज सुटली, तर ती शाईची अ‍ॅलर्जी असू शकते. क्वचित सार्कॉइडोसिससारखा आजारही व्रण आणि टॅटू या दोन्ही जागा शोधून वर येतो. त्यावर शेडिंग केलं तर निदान लांबतं. आणि भुवईचे केस अपघाताशिवाय, आपोआप विरळ झाले असतील तर थायरॉइडपासून कुष्ठरोगापर्यंत कारणं असतात, आणि त्यांवर औषधं आहेत. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी जुहूचं कूपर, मुलुंड-घाटकोपरकरांसाठी सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. रांग असते, पण केस पेपर काढायचा खर्च कुठल्याही स्टुडिओच्या ‘कन्सल्टेशन’पेक्षा कमीच.

कारण कायद्याच्या बाजूने ग्राहकाच्या हातात फार काही नाही. दुकानाचा गुमास्ता परवाना दुकान चालवायचा असतो. सुई कुणाच्या हातात आहे, हे तो सांगत नाही. डॉक्टरांची जशी नोंदणी परिषद असते, तशी परमनंट मेकअप करणाऱ्यांची नाही. भिंतीवरची सर्टिफिकेटं अनेकदा दोन-चार दिवसांच्या कोर्सची असतात. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. अमेरिकेच्या एफडीएने तर त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही. तेव्हा शाईच्या बाटलीचा फोटो काढून ठेवणं, सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला सांगणं आणि त्याच दिवशीचा फोटो न बघता दोन महिन्यांनंतरचा, खिडकीच्या उजेडातला फोटो मागणं, एवढं तरी करता येतं. व्रणावर केलेलं काम दाखवा, असंही म्हणावं. बऱ्याच जणांकडे ते नसतं.

नवी भुवई झाल्यावर भारतातल्या निकषांप्रमाणे १२ महिने रक्तदान करता येत नाही. एमआरआय करायची वेळ आली तर टॅटू असल्याचं आधी सांगावं, कारण आयर्न ऑक्साइडमुळे क्वचित त्या जागी चटका बसल्यासारखं होतं.

मुलुंडच्या त्या बाईंचं काय? त्यांचा निळा रंग अजून गच्च असेल तर लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताचं धरू. संक्रांतीच्या सुमारास लेझरची चाचणी आणि पहिली बैठक, मार्चमध्ये दुसरी. मग दोन महिने विश्रांती. मेच्या अखेरीस पहिलं शेडिंग, आणि ते दहा दिवस गर्दीच्या लोकलमधला घाम, वाफ आणि ऊन टाळायचं. आठवडाभर भुवई नको तितकी गडद दिसेल, खपली पडली की रंग गायब झाल्यासारखा वाटेल, खरा रंग चार-सहा आठवड्यांनी कळेल. टाक्यांच्या जागेचा दुसरा थर जुलै-ऑगस्टमध्ये. त्यानंतरही ती जागा बाकी भुवईपेक्षा लवकर फिकी होईल.

आणि लग्न पुढच्याच महिन्यात असेल तर सुई नकोच. मेकअपवाल्यांकडे ऑरेंज करेक्टर असतो. निळ्या भागावर त्याचा पातळ हात, वर कन्सीलर, मग आयब्रो पावडर. वरातीपर्यंत टिकतं, आणि रात्री तोंड धुतलं की निघून जातं.