दोन वेगवान की चार संथ: कोअर टू पिढीतील दोन प्रोसेसरांचा हिशेब

जानेवारी २००८ मध्ये इंटेलने कोअर टू ड्युओ ई८४०० हा प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्याच कंपनीचा वर्षभर आधीचा कोअर टू क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर अजून जोरात खपत होता, आणि नवा डेस्कटॉप संगणक जुळवणाऱ्यापुढे मोठा पेच उभा राहिला. ई८४०० मध्ये ३.० गिगाहर्ट्झ गतीचे दोन कोअर होते, तर क्यू६६०० मध्ये २.४ गिगाहर्ट्झ गतीचे चार. कोअर म्हणजे प्रोसेसरचा असा भाग, जो प्रोग्रॅममधील सूचना स्वतंत्रपणे पार पाडतो. गिगाहर्ट्झ हा आकडा त्या कोअरच्या अंतर्गत घड्याळाचे दर सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते सांगतो. दोन्ही प्रोसेसर एलजीए ७७५ या एकाच प्रकारच्या सॉकेटमध्ये बसत असल्याने निवड मदरबोर्डवर फारशी अवलंबून नव्हती; ती अवलंबून होती संगणकावर होणाऱ्या कामाच्या स्वरूपावर, आणि हे स्वरूप पुढच्या काही वर्षांत इतके पालटले की तेव्हाचा निकालही त्याबरोबर फिरला.

किमतीचा इतिहास बोलका आहे. क्यू६६०० जानेवारी २००७ मध्ये आला तेव्हा घाऊक खरेदीसाठी त्याची जाहीर किंमत ८५१ डॉलर होती. जुलैपर्यंत ती २६६ डॉलरवर उतरली, आणि सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आलेला हा पहिला चार कोअरचा प्रोसेसर ठरला. ई८४०० ची जाहीर किंमत १८३ डॉलर होती, म्हणजे दोन जादा कोअरसाठी सुमारे ४५ टक्के अधिक पैसे मोजावे लागत.

रचनेच्या दृष्टीने ई८४०० अधिक प्रगत होता. तो ४५ नॅनोमीटर प्रक्रियेने बनलेला होता, तर क्यू६६०० त्याआधीच्या ६५ नॅनोमीटर प्रक्रियेने. हा आकडा जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर दाटीने बसतात आणि साधारणपणे वीजही कमी लागते. नव्या प्रक्रियेत ट्रान्झिस्टरच्या निरोधक थरासाठी हाफ्नियम या धातूचे संयुग वापरल्याने विजेची गळतीही घटली होती. क्यू६६०० हा खरे पाहता दोन कोअरचे दोन सिलिकॉन तुकडे एकाच आवरणात शेजारी बसवून तयार केलेला प्रोसेसर होता. प्रत्येक तुकड्याला ४ मेगाबाइट कॅश होती, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी लहान पण अतिवेगवान स्मृती. परंतु एका तुकड्याला दुसऱ्याकडील माहिती हवी असेल, तर ती प्रोसेसरबाहेरच्या फ्रंट साइड बस या मार्गानेच यावी लागे. मुख्य स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे, जाण्याचा मार्गही तोच. एका विहिरीवर चार मोटा चालवल्या, तरी झरा जितका तितकेच पाणी मिळते, तशीच ही स्थिती होती. ई८४०० चे दोन्ही कोअर मात्र ६ मेगाबाइटची एकच कॅश वाटून वापरत, त्यांचा बसमार्ग अधिक वेगवान होता आणि भागाकार करणारे मंडलही सुधारलेले होते. त्यामुळे समान गतीवरसुद्धा त्यातला एकेक कोअर किंचित सरस ठरे.

या दोहोंतील खरी तुलना समजून घेण्यासाठी अमेरिकी संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद उपयोगी पडतो. कोणत्याही कामाचा काही भाग अनेक कोअरमध्ये वाटता येतो आणि काही भाग मुळातच एकापाठोपाठ एक करावा लागतो; कोअर कितीही वाढवले, तरी हा दुसरा भाग कमी होत नाही, म्हणून एकूण वेगाला त्याचीच मर्यादा पडते. समजा, क्यू६६०० च्या एका कोअरला एखादे काम पूर्ण करण्यास १०० सेकंद लागतात. केवळ घड्याळाची गती जमेस धरली, तर ई८४०० च्या एका कोअरला तेच काम ८० सेकंदांत जमेल. कामाचा निम्मा भाग वाटण्याजोगा असेल, तर क्यू६६०० ला ५० अधिक १२.५, म्हणजे ६२.५ सेकंद लागतील, आणि ई८४०० ला ४० अधिक २०, म्हणजे ६० सेकंद. कोअर निम्मे असूनही ई८४०० पुढेच राहतो. कामाचा नव्वद टक्के भाग वाटण्याजोगा असेल, तर मात्र क्यू६६०० ते ३२.५ सेकंदांत संपवतो आणि ई८४०० ला ४४ सेकंद लागतात. हे पारडे फिरते ते सुमारे ५७ टक्क्यांवर: त्याहून अधिक काम वाटता येत असेल तरच चार संथ कोअर घेण्यात अर्थ आहे. कॅश आणि बसमार्ग यांचा परिणाम यात धरलेला नाही; तो धरल्यास ही सीमा आणखी थोडी वर सरकेल.

२००८ मधील बहुतेक घरगुती कामे या सीमेच्या खालचीच होती. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रांची किरकोळ दुरुस्ती आणि त्या काळचे बहुतेक खेळ एक किंवा दोन कोअरवर चालतील अशा बेताने लिहिलेले असत, त्यामुळे ई८४०० घेण्याचा सल्ला तेव्हा रास्त होता. चार कोअरचा पुरेपूर उपयोग व्हिडिओचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्यांना आणि त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्यांना होई, कारण चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक कोअरकडे वेगळा तुकडा सोपवणे त्या कामांत सहज शक्य असते. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला आणि त्यात वेगवेगळ्या टॅबसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवण्याची पद्धत रुळवली. डिसेंबरात संगणकासाठी आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या खेळाने दोन कोअरच्या प्रोसेसरांची दमछाक केली. पुढे २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही आठ कोअरची खेळयंत्रे आल्यावर खेळ लिहिणाऱ्यांना काम वाटून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. खरेदीच्या दिवशी मागे पडणारा क्यू६६०० असा वर्षागणिक वापराला अधिक योग्य ठरत गेला, आणि दीर्घकाळच्या मोलाचा विचार केला तर तीच अधिक फायद्याची खरेदी होती, असे म्हणावे लागते.

याला आणखी एक कारण होते. प्रोसेसरची गती बसच्या मूळ ठोक्याला एका ठरावीक गुणकाने गुणून मिळते, आणि या दोन्ही प्रोसेसरांचा गुणक नऊच होता. क्यू६६०० चा मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ, म्हणून गती २.४ गिगाहर्ट्झ, ई८४०० चा ३३३, म्हणून ३.० गिगाहर्ट्झ. चांगल्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत प्रणालीत, २६६ च्या जागी ३३३ केले की क्यू६६०० चे चारही कोअर ई८४०० च्या गतीने धावू लागत. या ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर चालवण्याची, किंमत उष्णतेच्या रूपाने चुकवावी लागे. क्यू६६०० च्या सुरुवातीच्या उत्पादनाचा उष्णताभार १०५ वॅट आणि नंतरच्या ‘जी०’ आवृत्तीचा ९५ वॅट होता, ई८४०० चा अवघा ६५ वॅट. हा आकडा थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेने किती उष्णता वाहून न्यायला हवी ते सांगतो. विजेच्या वापराचे ते तंतोतंत माप नव्हे. तरीही ढोबळ अंदाज बांधायचा, तर ४० वॅटच्या फरकाने रोज आठ तास पूर्ण भारावर चालणारा संगणक ३०० दिवसांत सुमारे ९६ युनिट वीज अधिक घेईल. दिवसभर केवळ पत्रे लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकात हा फरक फारच कमी होतो.

आज जुन्या संगणकात यांपैकी एखादा प्रोसेसर असेल आणि दुसरा अगदी स्वस्तात मिळत असेल, तर अदलाबदल करण्यापूर्वी मदरबोर्डच्या बायोसला तो चालतो का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण अनेक जुन्या मदरबोर्डांवर ४५ नॅनोमीटरचे प्रोसेसर चालतच नाहीत. जी३१ चिपसेटच्या मदरबोर्डवर तर रॅमची मर्यादाच ४ गिगाबाइट आहे. अशा यंत्रात फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने जाणवणारा फरक प्रोसेसर बदलल्याने मिळणाऱ्या फरकाहून बहुधा मोठा असतो. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असे सर्वच विकत घ्यायचे असेल, तर मात्र दोन्हींचा नाद सोडून २०११ च्या कोअर आय५ २४०० सारख्या नंतरच्या पिढीच्या प्रोसेसरचा वापरलेला संगणक शोधावा. त्यात रॅमचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच असल्याने फ्रंट साइड बसची ती कोंडी उरत नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट ही सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, आणि ती या दोहोंपैकी एकालाही येत नाही. ज्यांना ही यंत्रे चालू ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी डेबियनसारखी लिनक्स प्रणाली उपलब्ध आहे, आणि तिच्यावर ब्राउझरचे अनेक टॅब उघडून बसणाऱ्याला क्यू६६०० च अधिक साथ देईल.