तोल, स्नायू आणि साठ हजारांची पुडी

म्हातारपणी पडणे ही इतकी सवयीची गोष्ट झाली आहे, की तिच्याकडे आपण अपघात म्हणूनसुद्धा पाहत नाही. मोरीत पाय घसरतो, उंबऱ्याला ठेच लागते, रात्री लघवीला उठताना अंधारात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, मग अंथरूण. त्यातून उठलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा पहिल्यासारखे चालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते.

घरात असे कुणी पडले, की मंडळी ताकदीच्या औषधाची चौकशी करू लागतात. कॅल्शियमच्या गोळ्या येतात, प्रथिनांच्या भुकटीचा डबा येतो आणि अलीकडे जीवनसत्त्व ‘ड’ची साठ हजार एककांची पुडी येते. ही पूरके घेतल्याने माणूस पडायचा थांबतो का? गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नाची प्रयोग करून बारकाईने तपासणी झाली आहे. उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच वेगळे निघाले. ते कसे मिळाले हेही पाहण्याजोगे आहे.

आधी उभे राहणे म्हणजे काय ते पाहू. आपला गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो आणि त्याच्याखाली आधाराला असते ती दोन पावलांपुरती जागा. गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा या जागेच्या बाहेर गेली, की आपण पडू लागतो. टेबलावर उभा केलेला खडू जसा बोटाच्या हलक्या धक्क्याने आडवा होतो, तसेच हे. फरक एवढाच, की खडू स्थिर असतो आणि आपण कधीच स्थिर नसतो. उभे असताना आपण सतत किंचित डुलत असतो. डोळे, कानाच्या आतल्या भागातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तळपाय व घोटे यांतील चेतातंतू मेंदूला याची खबर देत राहतात. मेंदू पोटरीच्या, मांडीच्या, कमरेच्या स्नायूंना हुकूम सोडतो आणि डुलणे आवरले जाते. ठेच लागली तर हेच काम फार घाईने करावे लागते, पाऊल चटकन पुढे टाकावे लागते.

वयाबरोबर या साखळीतील प्रत्येक दुवा ढिला होतो. त्यातही स्नायूंचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. स्नायूंत हळू आकुंचन पावणारे आणि जलद आकुंचन पावणारे असे दोन तऱ्हेचे तंतू असतात आणि म्हातारपणी जलद तंतू आधी व जास्त बारीक होतात. म्हणजे नुसता जोर कमी होतो असे नाही, तो जोर वेळेवर लावण्याची क्षमता त्याहून अधिक कमी होते. आजोबा पिशवी उचलू शकतात, पण घसरलेला पाय सावरू शकत नाहीत, याचे एक कारण हे आहे.

आता जीवनसत्त्व ‘ड’कडे वळू. उन्हातील अतिनील किरणांच्या साहाय्याने ते आपल्या त्वचेत तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे कार्यक्षम रूप बनते आणि ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. त्याची फार कमतरता झाली, तर हाडे मऊ पडतातच, शिवाय मांड्या आणि खांदे यांजवळचे स्नायूही दुबळे होतात. अशा माणसाला जमिनीवरून उठताना हातांचा टेकू घ्यावा लागतो आणि तो बदकासारखा डुलत चालतो. वृद्धांची त्वचा हे जीवनसत्त्व कमी बनवते. त्यातून घराबाहेर पडणेही कमी. आपल्याकडे ऊन मुबलक असले, तरी घरात बसून राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तेव्हा हे जीवनसत्त्व बाहेरून द्यावे, ही कल्पना मुळात चांगलीच होती.

१९९२ साली फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी तिला भक्कम पुरावा दिला. वृद्धाश्रमांत आणि वृद्धांसाठीच्या निवासांत राहणाऱ्या ३२७० स्त्रियांवर हा प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय ८४ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ‘ड’ची ८०० एकके दिली, दुसऱ्याला दिसायला तसेच पण औषध नसलेले काहीतरी. दीड वर्षाने पाहिले, तर पहिल्या गटात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी होते. (८०० एकके म्हणजे वजनाने फक्त २० मायक्रोग्रॅम. निसर्ग किती थोडक्यात काम भागवतो ते पाहा.)

येथे दोन गोष्टी निसटू देता कामा नयेत. एक, प्रयोगात मोजली गेली ती मोडलेली हाडे. पडणे वेगळे आणि मोडणे वेगळे. हाड मजबूत असेल, तर पडूनही ते शाबूत राहू शकते. दुसरी, या स्त्रिया फार वृद्ध होत्या, बहुतेक वेळ घरात राहणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात या दोन्ही पोषकांची खरोखरच कमतरता होती. पुढे या अटी लोक विसरले आणि ‘ड’ घ्या, पडणार नाही, एवढेच डोक्यात राहिले.

मग रोज गोळी घ्यायची कटकट कशाला, असा सोयीचा विचार पुढे आला. हे जीवनसत्त्व मेदात साठते, तर वर्षाचे एकदम का देऊ नये? ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ स्त्रियांवर हे करून पाहिले. एका गटाला वर्षातून एकदा ५ लाख एककांची मात्रा तोंडाने दिली. भागाकार केला, तर दिवसाला सुमारे १३७० एकके पडतात, म्हणजे फार काही नाही. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे २६ टक्क्यांनी जास्त निघाले! जास्त, कमी नव्हे. आणि मात्रा घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पडणे विशेष वाढले होते.

हा योगायोग म्हणावा, तर २०१६ साली झ्युरिकहून तशीच बातमी आली. तेथे आदल्या वर्षी एकदा तरी पडलेली सत्तरीपुढची २०० माणसे घेतली होती. एका गटाला महिन्याला २४ हजार एकके दिली, म्हणजे दिवसाला ८०० या हिशेबाने. दुसऱ्याला महिन्याला ६० हजार. वर्षभरात पहिल्या गटातील सुमारे ४८ टक्के लोक पडले, दुसऱ्यातील सुमारे ६७ टक्के. रक्तातील ‘ड’ दुसऱ्या गटात अधिक वाढले होते, पण पायांची कामगिरी काही सुधारली नव्हती. असे का व्हावे, हे अजून नीट उकललेले नाही.

साठ हजारांचा आकडा आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये तेवढीच मात्रा असते. रक्ततपासणीत कमतरता दिसली, तर डॉक्टर ती आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे देतात. तो उपचार आहे आणि तो योग्यच आहे. कमतरता भरून निघाल्यावरही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानातून पुड्या आणून वर्षानुवर्षे घेणे ही निराळी गोष्ट आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे बरीचशी लघवीवाटे निघून जातात, हे तसे नाही.

रोजच्या मध्यम मात्रेने तरी पडणे टळते का? अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २००० एकके किंवा निव्वळ दिखाऊ गोळी देऊन पाहण्यात आले. हे लोक पन्नाशीपुढचे होते आणि कमतरता पाहून निवडलेले नव्हते. दोन्ही गटांत पडण्यात फरक आढळला नाही आणि हाडे मोडण्यातही नाही. आमच्या मते हे ल्योंच्या प्रयोगाशी विसंगत नाही. रिकामी घागर भरता येते, भरलेल्या घागरीत ओतलेले पाणी सांडते.

अन्नाच्या बाबतीतही हाच नियम दिसतो. ऑस्ट्रेलियातील ६० वृद्धाश्रमांत सात हजारांवर वृद्धांना घेऊन केलेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या आश्रमांच्या स्वयंपाकघरांत दूध, दही आणि चीज यांचे प्रमाण वाढवले. त्यामुळे दिवसाला सुमारे १२ ग्रॅम प्रथिने आणि ५६० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त मिळू लागले. दोन वर्षांत तेथे पडणे ११ टक्क्यांनी आणि खुबा मोडणे ४६ टक्क्यांनी घटले. या वृद्धांच्या रक्तात ‘ड’ पुरेसे होते. कमी होते ते कॅल्शियम आणि प्रथिने. बारा ग्रॅम प्रथिने म्हणजे साधारण दोन पेले दूध. दात नाहीत म्हणून चहा-खारीवर दिवस काढणारी आजी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हा हिशेब जरूर करावा. त्यासाठी महागडा डबा लागत नाही.

मात्र नुसते खाऊन स्नायू वाढत नाहीत. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० अशक्त वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७! काहींना पौष्टिक पेय दिले, काहींकडून आठवड्यातून तीन दिवस पायांनी वजन रेटण्याचा व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या पायांतील जोर दुपटीहून अधिक झाला. पेयाने एकट्याने काही साधले नाही. एकूण आहारही वाढला तो दोन्ही करणाऱ्यांचाच.

जोर वाढला म्हणून पडणे कमी होते का, याचे उत्तर न्यूझीलंडमधील ड्युनेडिनने दिले. ऐंशीच्या पुढच्या २३३ स्त्रियांपैकी निम्म्यांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवला: घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, खुर्चीतून उठणे, चवड्यांवर चालणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहणे आणि फिरायला जाणे. वर्षभरात व्यायामाच्या गटात ८८ वेळा पडणे झाले, दुसऱ्या गटात १५२ वेळा. हे १९९७ सालचे. २०१९ पर्यंत अशा १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत २३ हजारांवर माणसे होती; पडण्यातील घट सरासरी २३ टक्के निघाली. पूरकांपैकी एकाचाही असा एकमुखी हिशेब नाही.

याखेरीज मोतीबिंदू वेळेवर काढणे, झोपेच्या गोळ्यांचा डॉक्टरांशी बोलून फेरविचार, मोरीत हाताला धरायला दांडा, रात्री दिवा, या गोष्टी आहेतच.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग देतो. विद्यार्थ्यांनी एका पायावर उभे राहावे आणि दुसरा पाय टेकेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा. मग हेच डोळे मिटून करावे आणि वेळ किती घटतो ते पाहावे. फरक बघून मुले चकित होतात. आठवडाभर रोज सराव करून पुन्हा मोजावे आणि आलेख काढावा. घरी आजी-आजोबांचे मोजायचे असेल, तर खुर्चीचा प्रयोग बरा: हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात ते किती वेळा उठून बसतात ते मोजावे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, शेजारी कुणीतरी उभे असावे आणि एका पायाचा प्रयोग त्यांच्यावर करू नये.