टेबल आधी, गाडी नंतर

आजचा विषय असा, की ज्या हॉटेलात जागाच मिळत नाही, तिथं जागा मिळवायची कशी?

आमच्या लग्नाला 35 वर्षं झाली, तेव्हा सौ.नं एकच मागितलं. दिल्लीतल्या एका नामांकित हॉटेलात जेवायचं. मी आठवडाभर आधी फोन केला. नावामागे ‘कर्नल’ही लावलं. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, “सर, महिनाभर जागा नाही.” हुद्द्याचा उपयोग शून्य!

कारण साधं आहे. अशा ठिकाणी खुर्च्याच मोजक्या. मुंबईत वांद्र्याच्या ‘पापाज’मध्ये जेमतेम 12 माणसं बसतात. ठरलेले पदार्थ एकेक करून येतात, जेवण बराच वेळ चालतं. पंगतीमागून पंगत उठत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, नोंदणी कधी उघडते ते विचारून घ्या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, हे आपल्याला पाठ असतं. तसा प्रत्येक हॉटेलचा आपला नियम असतो. त्या दिवशी, त्या वेळेला मोबाईल हातात घेऊन बसा.

दुसरं, शनिवार रात्रीचा हट्ट सोडा. मंगळवार, बुधवार बघा, दुपारचं जेवण असेल तर तेही बघा. दोघांना जागा मिळते, सहा जणांना अवघड.

तिसरं, प्रतीक्षा यादीत नाव द्या. एक-दोन दिवस आधी लोक रद्द करतात.

चौथं खास झाशीकरांसाठी. टेबल पक्कं झाल्यावरच गाडीचं तिकीट काढा. आणि गतिमाननं संध्याकाळी उतरून त्याच रात्रीचं जेवण ठरवू नका. गाडी लेट झाली की जागा गेली.

आम्ही मुलीकडे दिल्लीला चार दिवस मुक्काम ठेवला, यादीत नाव दिलं आणि बुधवारी दुपारी दोन खुर्च्या मिळाल्या. सौ. खूश.

पण एक चूक सांगायलाच हवी. जागा मिळेल की नाही या धास्तीनं मी दुसऱ्या एका हॉटेलातही दोन खुर्च्या अडवल्या होत्या, आणि रद्द करायला विसरलो. रात्री साडेआठला फोन आला, “सर, निघालात का? आम्ही थांबलोय.” मेसच्या जेवणाला नाव देऊन न येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी स्वतः फैलावर घेतलेलं आहे. त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दोघांचं अन्न तयार होतं, आणि कुणीतरी आमच्यासारखंच यादीत ताटकळत होतं.

शिकागोच्या ‘नेक्स्ट’ हॉटेलनं 2011 मध्ये नाटकाच्या तिकिटासारखे जेवणाचे पैसे आधीच घ्यायला सुरुवात केली. रिकाम्या खुर्चीचा तोटा टाळायचा, हा त्यातला हिशेब. तेव्हा कुणी आगाऊ रक्कम मागितली तर रागावू नका. रद्द करण्याची मुदत मात्र नीट वाचून घ्या.

आणि जमणार नसेल तर एक फोन करा. तुमची सुटलेली खुर्ची कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाला कामी येईल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.