शिरूर ते दौंड: हवेतून ४६, रस्त्याने सत्तर

शिरूरला विमानतळ नाही, दौंडलाही नाही. तरीही दोन्ही गावांमधलं हवाई अंतर वही-पेन्सिल घेऊन काढता येतं. दोन विमानतळांमधलं अंतर काढतानाही सुरुवात अक्षांश-रेखांशांपासूनच होते.

शिरूर १८.८३ अक्षांशावर आणि ७४.३७ रेखांशावर आहे, दौंड १८.४६ आणि ७४.५८ वर. अक्षांशांतला फरक ०.३७. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे ४१ किलोमीटर. रेखांशांतला फरक ०.२१. आपल्या भागात एक अंश रेखांश साधारण १०५ किलोमीटर भरतो, म्हणजे पूर्वेकडे २२. पुढचं काम पायथागोरसचं: ४६ किलोमीटर आणि वर थोडं. दिल्लीसारख्या लांबच्या गावासाठी पृथ्वीची गोलाई धरावी लागते, इथे तिची गरज नाही. ताशी ८०० किलोमीटरने जाणारं विमान हे अंतर साडेतीन मिनिटांत कापेल.

जमिनीवर मध्ये भीमा आहे. न्हावरे, मग नदी ओलांडून पारगाव, चौफुला, पाटस असा वळसा घेत दौंड गाठायचं, तर आकडा सत्तरच्या आसपास जातो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात की वेळेचा हिशोब सोडूनच द्यायचा. रेल्वेचा पर्याय नाही, कारण दौंड मोठं जंक्शन असलं तरी शिरूरला रूळच पोचलेले नाहीत.

विमानाच्या वेळेतही असाच फरक असतो. पुणे-दिल्ली सरळ रेषेत साधारण साडेअकराशे किलोमीटर. ८०० ने भागलं तर दीड तासही होत नाही, पण तिकिटावर दोन तासांहून जास्त वेळ छापलेला असतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमानात खिडकीजवळ बसलात तर कारण समोरच दिसतं. चाकांना लावलेले ठोकळे खालचा कामगार ओढून काढतो, ट्रॅक्टरसारखी बुटकी गाडी विमानाला मागे ढकलू लागते, आणि वेळ मोजायला सुरुवात होते. धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे लढाऊ विमानं उडत असतील तर थांबायचं. मग चढण, उतरण, दिल्लीवर रांग. तिथे विमान जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्या आकड्यात धरलेला असतो. ही पद्धत मला प्रामाणिक वाटते, कारण प्रवाशाचा तेवढा वेळ खरोखरच जातो.

घरापासूनचा वेळ मात्र त्यात कोणीच धरत नाही, आणि आपल्या तालुक्यांसाठी तोच मोठा. शिरूर ते लोहगाव सरळ रेषेत ५५ किलोमीटर. रस्ताही फारसा वाकडा नाही. तरी रांजणगावच्या कंपन्यांची पाळी सुटलेली असली, शिक्रापूरचा चौक भरलेला असला, की गाडी तिथेच रेंगाळते. विमानतळाची भाडी करणाऱ्या ड्रायव्हरला "दादा, किती वेळ लागेल?" विचारा. तो किलोमीटर सांगत नाही, म्हणतो, "वाघोलीवर आहे सगळं." दौंडकर तुलनेने सुखी. लोहगाव त्यांना लांब, सरळ रेषेतच सत्तर किलोमीटर. पण पुणे स्टेशनपर्यंत रेल्वे आहे, आणि तिला वाघोली लागत नाही.

म्हणून शिरूरकरांना एवढंच सांगणं: तिकिटावरचे दोन तास पाहून निघण्याची वेळ ठरवू नका. सकाळचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तर सुटण्याच्या पाच तास आधी घर सोडा.